आधी पाणी कोणाला

पॉपलरच्या झाडांचा कापूस उडायला लागला की आमचं गाव जागं आहे की झोपेत, हे घोड्यांनासुद्धा सांगता येत नाही. कापूस चहात उतरतो, मिशांत अडकतो, आणि डोंगर जमिनीपासून वीतभर वर तरंगतात. अशा दिवसांत कुणी काही ठरवू नये. मी ठरवलं, दोन म्हाताऱ्यांचं भांडण मिटवायचं.

पाटाच्या शेपटाला माझी सफरचंदाची रोपं होती आणि ती माना टाकत होती. वर पाट फुटतो तिथे डावीकडे मोल्दोकुल आबांचं रान, उजवीकडे बेरदीबेक आबांचं. पाणी आधी कोणाला, यावर दोघांचं वाजलेलं. एकानं पाटाचं दार उघडलं की दुसरा दगड टाकी, आणि पाणी मधूनच ओढ्यात. आता तर फावडी उगारली गेली होती. एकमेकांशी ते कधीचेच बोलत नव्हते. सांगायचं असेल ते बेरदीबेक आबांच्या गाढवाला सांगत. गाढव कुणाच्याच बाजूचं नव्हतं, पण निरोपही पोचवत नव्हतं.

त्याच सुमारास बुरूल एजे, म्हणजे बुरूलताई, तालुक्याहून शाळेत शिकवायला आल्या.

"हात उचलू नका, हे कुणीही सांगेल," भांडणाचं ऐकून त्या मला म्हणाल्या. "हाताऐवजी काय उचलायचं, ते मी सांगते."

शिकवलं ते एवढंच. समोरच्याचं म्हणणं आधी आपण म्हणून दाखवायचं. तो 'बरोबर' म्हणाला की मगच स्वतःचं सुरू करायचं.

मी आईवर सराव केला.

"तालाय, लाकडं फोड."

"म्हणजे मी लाकडं फोडावीत, असं तुला वाटतंय."

आईनं बूट फेकला. 'बरोबर' म्हणाली नाही, पण मला पोचलं.

मग दोघा आबांना पाटाच्या फाट्यावर लोकरीच्या नमद्यावर बसवलं. तोंड बघायची तयारी नव्हती, म्हणून एकमेकांकडे पाठ करून. मधे गाढव, सवयीनं. सगळा गाव कुमीझची, घोडीच्या आंबवलेल्या दुधाची, वाडगी घेऊन जमला. मी नियम सांगितला.

"त्याचं म्हणणं मी म्हणू?" मोल्दोकुल आबा कडाडले. "त्यापेक्षा साबण खाईन."

"जमत नाही म्हणावं," बेरदीबेक आबा गाढवाला म्हणाले. "डोकं लागतं त्याला."

झालं. आमच्याकडे दोन तोंडं एकमेकांवर सुटली की त्याचं आयतीश होतं. शब्दाला शब्द, कवनाला कवन, आणि हरलेल्याला नातवाच्या लग्नापर्यंत हसतात. मोल्दोकुल आबांनी टोपी सारखी केली.

"बोल म्हणावं."

"माझं रान उतारावर," बेरदीबेक आबा म्हणाले. "पाणी उशिरा आलं की ऊन चढतं, कांदा उकडतो."

"त्याचं रान उतारावर, कांदा उकडतो. बरोबर?"

"चूक! कांद्याचं दुःख कुठे आलं त्यात?"

गाव खदखदलं. मोल्दोकुल आबांनी डोळे मिटले. कापूस त्यांच्या टोपीवर साचत गेला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "माझं रान उतारावर. पूर्वी मी दार उघडायचो आणि आयशा खाली सरीत उभी असायची. आता आयशा नाही. दार उघडून मी खाली धावतो, तोवर पाणी फुटलेलं असतं. कांदा नुसता निमित्त."

आपल्या गेलेल्या बायकोचं, आयशाचं, नाव बेरदीबेक आबांनी काढलंच नव्हतं. कुणी वाडगं उचललं नाही. गाढवानं कान पाडले.

"बरोबर," बेरदीबेक आबा म्हणाले.

पण हरायचं कसं? आता त्यांनी मोल्दोकुल आबांचं सुरू केलं. रशियात गेलेला, फोन न करणारा मुलगा, पाटापर्यंत येताना आवाज करणारा गुडघा, 'पाणी पहिलं मिळालं तर परत चढून यावं लागत नाही' ही कुणाला न सांगितलेली गोष्ट. इतकं हुबेहूब, की मोल्दोकुल आबांनी नकळत स्वतःचा गुडघा धरला.

"बरोबर," ते पुटपुटले. मग ताडकन उठले. "तरीही पाणी आधी त्यालाच!"

"अजिबात नाही!" बेरदीबेक आबाही उठले. "त्याचा गुडघा बघा! आधी त्याला!"

"आधी तू!"

"तूच, नाहीतर तंगडी मोडीन तुझी!"

"मोड! चांगल्या गुडघ्याची मोड, दुसरा मोडलेलाच आहे!"

दोघांनी आपापलं दार रागानं बंद केलं आणि वर दगड ठेवून त्यावर बसले. हात मात्र कुणी उचलला नाही. ओढ्याकडची वाट तर इतके दिवस टाकलेल्या त्यांच्याच दगडांनी आता पुरती बुजलेली. बिचारं पाणी जाणार कुठे? ते सरळ खाली निघालं, पाठीवर कापूस घेऊन, स्वप्नात चालल्यासारखं. मी त्याच्या कडेकडेनं चालत होतो, जागं करायची हिंमत होईना. पहिल्या रोपाशी ते थांबलं, आळ्यात गोल फिरलं आणि आत गेलं.

सगळी रोपं भिजली, तेव्हा दोघे आबा खांद्याला खांदा लावून उतरताना दिसले.

"तालाय! आम्ही तिकडे भांडतोय, आणि पाणी तू घेतोस?"

"म्हणजे," मी म्हणालो, "तुम्ही भांडत असताना पाणी मी घ्यायला नको होतं, असं तुम्हाला वाटतंय."

"बरोबर!" दोघं एकदम म्हणाले.

मग थबकले, एकमेकांकडे बघितलं, आणि आधी कोण म्हणालं यावरून एकमेकांशी भांडत घराकडे गेले. गाढव वरच राहिलं. त्याला विचारायलाही कुणी गेलं नाही.