दुसरी पिशवी

"पित्ताची गोळी कधीपासून बंद आहे?" तपासणीच्या बाईंनी विचारलं.

"चौदा दिवस झाले."

त्यांनी लिहून घेतलं. तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसून बाबांनीही हेच सांगितलं होतं आणि याच बाईंनी लिहून घेतलं होतं. तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते. आज ती रिकामी आहे. पर्स मांडीवरच ठेवली, त्या खुर्चीवर ठेववेना.

बाबा पंपमिस्तरी. डॉक्टरांनी त्यांना दोनदा बजावलं होतं, "गोळी चालू असली की पोटातला जंतू दबून बसतो, श्वासाच्या तपासणीत सापडत नाही."

त्यांच्या तपासणीच्या सकाळी घरचा नळ गळत होता. पाना काढायला मी बाबांची पेटी उघडली, तर वायसरच्या डब्यात गोळ्यांचं पाकीट. दोनच उरलेल्या.

"बाबा, हे काय?"

"अगं, वाकलं की आग होते. पंप काय उभ्याने दुरुस्त करू?"

"मग तपासणी पुढे ढकलू."

"आणखी दोन आठवडे? जमायचं नाही. तू गप्प बस. फुंकायचंच तर आहे, जन्मभर लोकांच्या पाइपात फुंकलंय मी."

मी हसले आणि गप्प बसले. मलाही निकाल चांगलाच हवा होता.

तो चांगलाच आला. घरी येऊन बाबांनी नळाला नवा वायसर घातला. म्हणाले, "बघ, दोन्ही यंत्रं ठणठणीत."

दीड वर्षाने पोटातली गाठ सापडली, जंतूही सापडला. "तेव्हाच कळलं असतं तर?" असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. पाकिटाचं मीही सांगितलं नाही. बाबा गेल्यावर आईलाही नाही.

आज माझी पहिली पिशवी फुंकून झाली होती. औषधाचं पाणी पिऊन अर्धा तास बसायचं होतं. जळजळ घशापर्यंत आली होती. गेले चौदा दिवस ती रोजच येत होती. बाबांना हीच घेऊन वाकायला लागायचं.

"चला, दुसरी पिशवी," बाई म्हणाल्या.

मी पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दहाच्या दहा गोळ्या जागेवर होत्या.

"हे कशाला? तुमच्या शब्दावर विश्वास आहे की."

"असू द्या समोर," मी म्हटलं, आणि छातीतली सगळी हवा पिशवीत सोडली.