खेकड्याच्या अळीचा काटा

१९५४ साली कोल्हापुरातल्या आमच्या कॉलेजात श्यामलाने प्रात्यक्षिक परीक्षेत खेकड्याच्या अळीचे चित्र काढले. डोक्यावर लांब काटा दाखवून खाली लिहिले, ‘या काट्यामुळे लहान मासे अळीला गिळत नाहीत.’

“स्लाइडमध्ये काटा कुठाय? मनचं काढता? नापास!” बाहेरगावचे परीक्षक सूक्ष्मदर्शकातून पाहत ओरडले.

मी प्रयोगशाळेतला साधा मदतनीस, पण संतापाने पुढे झालो. रत्नागिरीहून आणलेली जिवंत अळी माशाने तोंडात घेऊन थुंकलेली श्यामलाने आणि मी पाहिली होती.

“सर, स्लाइड बनवताना वरची काच दाबली, तेव्हा काटा माझ्याच हातून मोडला,” म्हणत मी स्लाइड जराशी सरकवली. मोडका काटा कडेला दिसला.

परीक्षकांनी ‘नापास’ खोडले, पण श्यामलाची माफी मागितली नाही. त्याची चीड अजून जात नाही. माफी मीही मागितली नव्हती, हे आता म्हातारपणी कबूल करतो.