अकरा जणांचे कान

माझ्याएवढा शहाणा माणूस सिरसाळ्यापासून परळीपर्यंत सापडायचा नाही. हे मी रागानं म्हणतोय, आणि राग माझ्यावरच आहे.

जिनिंग मिलमध्ये मी मुकादम, चोवीस वर्षं झाली. सरकी काढायच्या मशिनी, म्हणजे जिन, सुरू झाल्या की शेजारच्याचं बोलणं कळत नाही, म्हणून आम्ही सगळं हातांनी बोलतो. कापूस अडकला, पट्टा सुटला, चहा आला, सगळ्याला खूण आहे. तोंडाला काम फक्त तंबाखूचं.

परवा मालकानं सांगितलं, कान तपासायला डॉक्टर येणार. झालं, अफवा उठली की ज्याचा कान नापास, तो घरी. माझा भाचा अंगद तर रडकुंडीला आला.

"मामा, मला काडलं तर कुठं जाऊ मी?"

"मी हाय ना बे," मी म्हणालो. "भितो कावून?"

जेवणाच्या सुट्टीत मशिनी बंद झाल्या आणि ऑफिसात डॉक्टर ऋतुजा मॅडमनी कान तपासायची पेटी मांडली. त्यांच्याकडं पाठ करून बसायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. मी नावांची यादी घेऊन बसणाऱ्याच्या समोर खुर्ची टाकली. मॅडम आवाज सोडायच्या तेव्हा पेटीवर बारका लाल दिवा लागायचा, तो मला बरोबर दिसायचा. दिवा लागला की, गड्यांशी आधीच ठरल्याप्रमाणं, मी मिशीवर बोट फिरवायचो आणि गडी बटण दाबायचा. अकराच्या अकरा पास झाले. अंगद जाताना मला डोळा मारून गेला, आणि मी मिशीत हसलो.

मग माझी पाळी. सगळ्यांना बाहेर हाकललं. मला कुणाच्या खुणेची गरज नव्हती. सुरुवातीला तीन-चार जाड आवाज आले, मी ऐटीत बटण दाबलं. मग काहीच नाही. म्हटलं, मॅडम पेटीचं काहीतरी जुळवत असतील. समोरच्या कॅलेंडरातला गणपती बघत बसलो. बराच वेळ गेला तेव्हा मान वळवली.

"मॅडम, सुरू करा की."

"तपासणी झाली, काका."

"न्हाई हो. आवाजच आला न्हाई."

"मी सोडत होते. शेवटचे तर इतके मोठे होते की तुमच्या हेडफोनमधून मला इथं ऐकू येत होते."

मॅडमनी कागद दाखवला. रेघ थोडी सरळ जाऊन एकदम खाली गेली होती. जाड आवाज उरलेत, बारीक गेले, आणि गेलेले परत येत नाहीत, असं त्या म्हणाल्या. घरी सुनेला मी दोन वर्षं झापतोय, मिठाची गुळणी धरलीस का म्हणून. ती बिचारी नीट बोलत होती.

"नवल आहे," मॅडम म्हणाल्या. "बाकी अकरा जणांचे कान ठणठणीत. मग मिलच्या आवाजाचा त्रास नसावा. तुमचं वयानं झालं असेल. तसं लिहिते."

"आन् एखाद्याचे कान चालले असते, तर त्याला काडून टाकलं असतं?"

"काढून कशाला? मशीनपासून लांबचं काम द्या, कानात घालायला बोळे द्या, असं लिहून दिलं असतं. वेळेत कळलं तर उरलेलं वाचतं. मी त्यासाठीच आले, काका."

ज्यांना वाचवायला निघालो होतो, त्यांना मी माझ्या हातानं त्या आवाजात परत ढकललं होतं.

"मॅडम," मी म्हणालो, "ती तपासणी त्यांनी दिली न्हाई. मी दिली."

त्यांना मी दिव्याचं सांगितलं, मिशीचं सांगितलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त अंगदला बोलवायला सांगितलं.

अंगद पुन्हा खुर्चीत बसला. मी समोर, दोन्ही हात मांडीखाली दाबून. लाल दिवा लागला. अंगद माझ्या मिशीकडं बघत राहिला. दिवा पुन्हा लागला. मी खूण करायला विसरलो असं वाटून तो गालात हसला. तिसऱ्यांदा लागला, चौथ्यांदा लागला, त्याचा अंगठा बटणावर तसाच होता. पोराला सव्विसावं चालू आहे, आणि सहा वर्षांपूर्वी त्याला हाताला धरून या मिलमध्ये मीच आणला.