ज्याचं त्याचं पातेलं

तामलवाडीच्या स्टँडजवळ वीरभद्रचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथं कशाचीच उधळपट्टी चालत नाही. जुन्या फोनचे स्क्रूसुद्धा तो मापाप्रमाणं वेगवेगळ्या डब्यांत ठेवतो. त्याच टापटिपीनं त्यानं आईचा आवाज पुसला.

घशाच्या ऑपरेशननं आवाज जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. म्हणून त्याची आई इरम्मा दुपारच्या दुपार माइकसमोर बसून बोलली. येरमाळ्याचा ओळखीचा पोरगा रणधीर तेव्हा सोलापुरात इंजिनिअरिंग शिकत होता. त्यानं त्या बोलण्याचे बारीक तुकडे करून प्रोग्रॅम बनवला. इरम्मानं लॅपटॉपवर लिहायचं, लॅपटॉपनं तिच्या आवाजात बोलायचं.

ऑपरेशनच्या आधी प्रोग्रॅम बसवताना रणधीरनं सांगितलं, "दादा, ह्या लिनक्स सिस्टिमवर प्रोग्रॅम बसवायच्या दोन पद्धती हायत. एकीत सगळे प्रोग्रॅम सामायिक भांडारातले भाग वापरतेत. जागा कमी लागती, आन् नको झालेलं सिस्टिम झाडून काढती. दुसरीत प्रोग्रॅम आपलं सामान बंद पेटीत घेऊन येतो. जागा लई खातो, पण कुणावर अवलंबून न्हाय."

"म्हंजी मठाची साऱ्यांनी वापरायची पातेली आन् घरची पातेली," इरम्मा म्हणाली. "माझं पेटीत घाल, लेकरा. येडेश्वरीच्या जत्रेला म्या मिठाची पुडीबी घरनंच नेती."

"तू खलबत्तासुद्धा नेतीस, अव्वा. गाडीत माणसं बसायची कुठं?" वीरभद्र हसला. "मठाची पातेली असताना घरची कशाला वाहायची? भांडारातलंच बसव, रणधीर."

त्यानंतर दोन वर्षं लॅपटॉप बोलला. दुकानामागच्या खोलीतून गिऱ्हाइकांनाही ऐकू जाई, "येनो वीरभद्रा, जेवायला मुहूर्त काढू का?" गिऱ्हाइकं हसत. वीरभद्र वैतागून उठे आणि जेवायला जाई.

गेल्या आठवड्यात त्यानं लॅपटॉपला नवी आवृत्ती चढवली. रणधीरच्या प्रोग्रॅमला लागणारा जुना भाग नव्या भांडारात नव्हता, म्हणून सिस्टिमनं प्रोग्रॅम बाद केला. शेवटी सिस्टिमनं विचारलं, आता न लागणारं सगळं काढून टाकू का? डिस्क भरत आली होती. वीरभद्रनं यादी न वाचता 'हो' दाबलं. प्रोग्रॅमचं फोल्डरही त्यात गेलं.

मग त्यानं दोन्ही पद्धती करून पाहिल्या. भांडारातून बसवायला गेलं की प्रोग्रॅम जुना भाग मागे, तो भाग त्याहून जुना मागे, आणि अखेर सिस्टिम सांगे, हे हवं असेल तर आवाजाची सगळी यंत्रणा काढावी लागेल. शेवटी रणधीरला पुण्याला फोन लावून, त्याच्याकडून मूळ प्रोग्रॅम मागवून वीरभद्रनं पेटी तयार केली. पेटी विनातक्रार उघडली. इरम्मानं लिहिलं. अक्षरं उमटली, आवाज आला नाही.

"पेटी बरोबर हाय, दादा," रणधीर फोनवर म्हणाला. "पण कोणता तुकडा कोणत्या अक्षराचा, ती जोडणी त्या फोल्डरमधी होती."

"तुझ्याकडं आसंल की."

"न्हाय. ती तुमच्याच मशीनवर तयार झाली. कॉपी घ्यायचं मला सुचलं न्हाय, आन् अख्खं रेकॉर्डिंग तुकडे झाल्यावर पुसलं."

"तुकडे दुसऱ्या फोल्डरमधी हायत अजून. ऐकून ऐकून लावतो."

"एकेक तुकडा अर्ध्या अक्षराएवढा हाय. कानाला कळायचं न्हाय. पेटीत आसतं तर ऱ्हायलं आसतं. पेटी काढली तरी आपल्या फोल्डरांचा कचरा मागं ठेवती."

वीरभद्रनं फोन ठेवला. इरम्मा बाजेवर बसून त्याच्याकडं बघत होती. पूर्वीची असती तर मठाच्या पातेल्यांवरून तिनं त्याला साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं झापलं असतं. तेवढं तरी व्हावं असं त्याला वाटत होतं. तिनं लॅपटॉपकडं हातही नेला नाही.

त्यानं एक तुकडा लावला. घशात काही अडकावं तसा आवाज आला आणि तुटला. त्यानं तोच पुन्हा लावला.

इरम्मानं मान वळवून दाराकडं बघितलं, कोण खाकरलं म्हणून.