फोनवरची मेकॅनिक

"गळतंय की टपकतंय, ते आधी सांगा," वहिनी फोनवर विचारत होत्या. "थेंब थेंब? मग घाबरायचं काही कारण नाही. पाइप तुंबलाय. बाहेरच्या भिंतीवर त्याचं तोंड निघतं ना, तिथं जा आणि जोरात फुंका. हो हो, तोंडानंच. दोनदा फुंकलं की मोकळा होईल."

पलीकडच्या बाईंनी विचारलं, मिस्त्री कधी येणार? दरवर्षी ऊन तापायच्या आत येऊन एसी धुऊन जातात, यंदा अजून फिरकले नाहीत.

"कळवते," वहिनी म्हणाल्या. फोन ठेवून त्यांनी वही उघडली आणि सवयीनं तारीख, घर, तक्रार, सगळं नीट लिहून काढलं.

आतल्या खोलीतून मिस्त्रींचा आवाज आला. "कशाला लिहितेस? पाचला वही जायचीय."

"जायची तेव्हा जाईल."

"आणि 'कळवते' काय? सरळ सांगायचं ना, बंद केलं म्हणून."

वहिनींनी पेनाला टोपण लावलं. कधी गप्प राहायचं आणि कधी ऐकू आलं नाही असं दाखवायचं, एवढं तर अठ्ठावीस वर्षांच्या संसारात कोणालाही येतं.

चार महिन्यांपूर्वी मिस्त्री एका खिडकीबाहेरच्या पत्र्यावरून खाली आले होते. मांडीचं हाड मोडलं, आत पोलादी पट्टी बसली, टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय, आता चाला. मिस्त्री काही चालले नाहीत. न्हाणीघरापर्यंत जायचं तर वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून, आणि परत येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचं. चालायला आणलेल्या वॉकरच्या चौकटीवर वहिनी टॉवेल वाळत घालू लागल्या होत्या. शिडी चढता येत नाही तो मिस्त्री कसला, असं मिस्त्रींनी एकदा म्हटलं आणि तिथंच विषय संपवला. मग बरोबरच्या मिस्त्र्यांपैकी चष्मेवाल्याला फोन करून सांगितलं, गिऱ्हाइकांची वही घेऊन जा, आता तूच सांभाळ सगळ्यांना. तो आज पाचला येणार होता.

वही मिस्त्रींची खरी, पण तिच्यात मिस्त्रींचं एक अक्षर शोधून सापडलं नसतं. लग्न होऊन आल्यावर आठव्या दिवशी फोन वाजला, मिस्त्री बाहेर होते, म्हणून वहिनींनी उचलला, आणि तेव्हापासून तो त्यांनीच उचलला. आधी नुसतं नाव-पत्ता. मग मिस्त्री घरी येऊन काय झालं होतं ते सांगायचे, ते ऐकून ऐकून वहिनी फोनवरच निदान करू लागल्या. लोकही म्हणू लागले, आधी वहिनींना विचारा, निम्म्या वेळा मिस्त्री लागतच नाहीत. घरात वहिनींना कोणी काही विचारायचं ते मीठ कुठं ठेवलंय एवढंच. फोनवर मात्र मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं श्वास रोखून त्यांचं ऐकायची. वही गेली की हे सगळं जाणार होतं. लेक सासरहून फोनवर म्हणाली होती, "आई, आता दोघं निवांत बसा ना." निवांत बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र तिनं सांगितलं नव्हतं.

अकरा वाजता वहिनींनी पदर खोचला, बाहेरच्या खोलीतलं टेबल ओढत आतल्या खोलीत आणलं आणि भिंतीवरच्या एसीखाली लावलं. मिस्त्रींची लोखंडी शिडी गच्चीच्या जिन्यात होती, पण ती दोन माणसांनी उचलायची वस्तू.

"हे काय चाललंय?" मिस्त्रींनी मान वळवली.

"आपला एसी धुतेय. जगाचे धुऊन झाले, आपल्या घरी दिव्याखाली अंधार. दोन वर्षं हात नाही लागला त्याला."

"तू?"

"मी. चांगला चालला, तर वही घरात राहील. चष्मेवाल्याला तसं सांगायचं. नाही चालला, तर मी स्वतः वही बांधून त्याच्या हातात देईन."

"वेड लागलंय तुला. फोनवर बडबडणं वेगळं आणि..."

"मग तुम्ही भिंत बघा," वहिनी म्हणाल्या.

मिस्त्रींनी खरंच भिंतीकडं तोंड केलं. वहिनींनी मोठं बटण बंद केलं, टेबलावर चढल्या आणि झाकण उघडलं. आणि तशाच उभ्या राहिल्या.

आत काय असतं ते त्यांना तोंडपाठ होतं. कॉइल, ब्लोअर, जाळी, ट्रे. रोज चार वेळा हे शब्द त्यांच्या तोंडून जायचे. पण कॉइल म्हणजे गादीतल्या स्प्रिंगसारखी गोल वेटोळी, अशी त्यांची समजूत होती, आणि समोर होत्या पत्र्याच्या असंख्य बारीक पाकळ्या. ब्लोअर म्हणजे छोटा पंखा, तो कुठं दिसेना. खूप वाकून पाहिल्यावर आत एक लांबलचक लाटण्यासारखं काहीतरी काळ्या धुळीनं माखून पडलेलं दिसलं. हाच तो ब्लोअर! "ब्लोअर आवाज करतोय" असं त्यांनी हजार माणसांना सांगितलं असेल. आज पहिल्यांदा भेट झाली. इतकी वर्षं पत्रव्यवहार असलेलं माणूस प्रत्यक्षात भलतंच निघावं, तसं त्यांना झालं.

मिस्त्रींना विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. जाळ्या सुटल्या, त्या न्हाणीघरात नेऊन मऊ ब्रशनं धुतल्या. मग एसीखाली प्लास्टिक बांधलं, झाडांवर पाणी मारायचा फवारा भरला, वर चढल्या आणि नळी कॉइलवर धरली.

"थांब!"

मिस्त्री कोपरावर अर्धे उठले होते. "उजवीकडं काय आहे ते बघ आधी! सर्किट आहे तिथं. त्यावर पिशवी बांध, नाहीतर पाणी जाऊन मरेल ते!"

नवऱ्याला बोलतं करायला वहिनींनी मुद्दाम चूक केली, असं कोणाला वाटेल. तसं काही नव्हतं. हे त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. चार महिन्यांत मिस्त्री एवढं लांब वाक्य बोलले नव्हते, हेही त्यांच्या लक्षात आलं नाही. त्या स्वयंपाकघरात धावल्या आणि परत येऊन त्यांनी सर्किटवर पिशवी बांधली.

"पिशवी आणि रबर," त्या म्हणाल्या. "आता मारू?"

"वरून खाली. आडवं नको, पाकळ्या वाकतात. आणि एवढी चिकटून उभी राहू नको, तोंडावर उडेल."

वहिनींनी वरून खाली पाणी मारलं. काळं पाणी ट्रेमध्ये उतरू लागलं. ट्रे भरत चालला, पण पाइपातून बाहेर काहीच जाईना.

"पाइप तुंबलाय," वहिनी म्हणाल्या. या एका बाबतीत त्यांना कोणाला विचारायची गरज नव्हती. त्या टेबलावरून उतरल्या, मागच्या गॅलरीत गेल्या, पाइपचं तोंड हातात धरलं, छाती भरून श्वास घेतला आणि फुंकर मारली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा मारली. गुळगुळ असा आवाज झाला, काहीतरी वर सरकलं, आणि वहिनी खूश होऊन तिसऱ्यांदा श्वास घेत असतानाच दोन वर्षांचा सगळा शेवाळलेला गाळ त्या पाइपातून खाली आला आणि सरळ त्यांच्या तोंडात गेला.

गॅलरीतून जो आवाज आला, त्यानं मिस्त्री हादरले. "काय झालं? अगं, काय झालं? पडलीस का?"

वहिनी दारात आल्या. हनुवटीपासून पदरापर्यंत हिरवं-काळं ओघळलेलं, एक डोळा मिटलेला. त्या कशाबशा थुंकल्या आणि म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं! अठ्ठावीस वर्षं मी लोकांना सांगतेय, फुंका म्हणून! आणि एका मेल्यानं उलटून सांगितलं नाही, तोंडात काय येतं ते!"

मिस्त्री त्यांच्याकडं पाहत राहिले. त्यांचे खांदे हलू लागले. पलंग कुरकुरू लागला. मग त्यांना हसू असं फुटलं की त्यांनी उशी तोंडावर दाबली, तरी ते उशीतून बाहेर येत होतं. "फुंकून लगेच तोंड बाजूला घ्यायचं असतं," ते म्हणाले, आणि पुन्हा हसत सुटले. "तोंड... बाजूला..."

"हे मला आत्ता सांगताय?"

"मला काय माहीत, तू लोकांना एवढंच सांगतेस!"

वहिनींनी रागावायचं ठरवलं होतं, पण ते जमेना. किती दिवसांनी या खोलीत कोणी हसत होतं. सकाळच्या फोनवरच्या बाई आठवल्या. या क्षणी त्या बिचाऱ्या कुठल्या अवस्थेत असतील, असं मनात आलं आणि वहिनींनाही हसू आवरेना. दोघं दोन टोकांना बसून डोळे पुसत राहिले. मिस्त्रींच्या डोळ्यांतलं पाणी नंतर काही वेगळंच झालं, पण वहिनींनी तिकडं पाहिलं नाही. त्या चूळ भरायला गेल्या, आणि सहा वेळा भरूनही ती चव काही गेली नाही.

त्यानंतर काम नीट झालं, म्हणजे भांडत झालं. मिस्त्री उशीला टेकून बसले आणि हातानं दाखवू लागले. ब्लोअरच्या एकेका पातीतून ब्रश फिरवायचा. पाकळी वाकली असेल तर जुन्या टूथब्रशानं सरळ करायची. वहिनी म्हणायच्या, कळलं. मिस्त्री म्हणायचे, काही कळलेलं नाही. गॅलरीतलं बाहेरचं यंत्रही धुऊन झालं. सगळं पुसून, वाळवून, जोडून होईपर्यंत चार वाजून गेले. पिशवी काढली, जाळ्या बसवल्या, झाकण लावलं. वहिनींनी मोठं बटण चालू केलं आणि रिमोट दाबला.

काही क्षण काहीच झालं नाही.

"तीन मिनिटं घेतो तो," मिस्त्री म्हणाले. त्यांनीही आवाज खाली आणला होता.

तीन मिनिटं दोघं त्या पांढऱ्या डब्याकडं बघत राहिले. मग गॅलरीतलं यंत्र घुरघुरलं आणि वरून हवा आली. आधी ओलसर, मग नुसती, मग गार. वहिनींनी तळहात वर धरला. पण त्या गार हवेबरोबर एक बारीक आवाजही येत होता, सीऽऽ असा, न थांबणारा.

मिस्त्रींनी तोंड उघडलं.

"बोलू नका," वहिनी म्हणाल्या. "शिट्टी वाजतेय. डावी जाळी खाचेत बसलेली नाही." त्यांनी रिमोटनं हवा बंद केली, पुन्हा टेबलावर चढल्या, झाकण कपाळानं पेललं आणि दोन्ही हात आत घातले. टाचा उंचावूनही डावं टोक बोटभर लांब राहत होतं.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत फोन वाजू लागला.

"अहो, आता मी काय करू? सोडलं तर झाकण डोक्यावर येईल."

फोन वाजत राहिला. वहिनींना मागं काही दिसत नव्हतं. त्यांना पलंग कुरकुरल्याचा आवाज आला. मग टॉवेल जमिनीवर पडल्याचा. मग चौकटीचे पाय फरशीवर टेकल्याचा, थांबल्याचा, पुन्हा टेकल्याचा. "सावकाश," असं त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. श्वाससुद्धा हळू घेतला. टेकत, थांबत तो आवाज दाराबाहेर गेला, आणि फोन वाजायचा थांबला.

"बोल," मिस्त्रींचा दम लागलेला आवाज आला. "हो, हो, मीच उचललाय... कामात आहेत त्या. म्हणून मी उचलला."

वहिनींचे हात तसेच राहिले. स्वतःच्या बायकोला मिस्त्रींनी जन्मात 'त्या' म्हटलं नव्हतं.

"निघू नको. म्हणजे निघ, पण वहीसाठी नको. वही लागते आम्हाला... नाही रे, मी कसला चढतोय. मी फोन घेणार. मेकॅनिक आहे आमच्याकडं."

पलीकडून चष्मेवाला बराच वेळ काहीतरी विचारत असावा. मिस्त्री ऐकत होते. मग म्हणाले, "ते तू विचारू नकोस, काम बघ आणि मग बोल. आणि येताना तुझी ती हलकी शिडी घेऊन ये. आमची माझ्या मापाची आहे, तिला उचलत नाही. टेबलावर टाचा उंचावून उभी राहते. माझा जीव खालीवर होतो."

वहिनींनी टाचा अजून थोड्या उंचावल्या आणि बोटाच्या टोकानं जाळी सरकवली. टक्, असा आवाज होऊन ती खाचेत बसली. काम झालं होतं, पण त्या लगेच खाली उतरल्या नाहीत. झाकणाआड तोंड घालून त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि बाहेरच्या खोलीतून वहीची पानं चाळत मिस्त्रींनी हाक मारून विचारलं, "अगं, पेन कुठं ठेवतेस तू?"