बसायची जागा

सासूबाईंना कित्येक महिने खाज सुटत होती. डॉक्टरांना त्या सांगायच्या, "बसायच्या जागी," आणि डॉक्टर मूळव्याधीचं मलम द्यायचे. एक दिवस धुण्यात सुनेला त्यांच्या परकरावर रक्ताचा डाग दिसला. तान्ह्या लेकीला खांद्यावर थोपटत तिने विचारलं, "आई, नेमकं कुठे?"

"अगं, पुढे. लघवीच्या जागेपाशी."

"मग ती बसायची जागा कशी?"

"परक्या पुरुषापुढे आणखी काय म्हणू?"

सुनेने त्यांना स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. तिथे ती बोलायला तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी तिला हाताने थांबवलं. जन्मभर कपडे शिवलेल्या सासूबाई ताठ बसून म्हणाल्या, "योनीच्या बाहेरच्या ओठावर, डावीकडे पांढरा चट्टा आहे. कड जाड लागते, कापड दुमडून शिवल्यासारखी."

डॉक्टरबाईंनी छोटासा तुकडा काढून तपासायला पाठवला. कर्करोग झालेला नव्हता, पण चट्टा तसाच राहिला असता तर पुढे होण्याची भीती होती. त्यांनी तो कापून काढला आणि नियमित दाखवत राहायला सांगितलं.

टाके अजून ओले होते, तरी सासूबाई फोनवर बहिणीला खडसावत होत्या, "लाजतेस काय? योनी म्हण, जीभ झडत नाही!"

सासूबाईंचा मुलगा ओशाळून खिडकी लावायला उठला.

"राहू दे उघडी," सून म्हणाली. "माझी सासू बोलतेय."