हिरव्या आभाळातला माझा केस

मी दोन इंची ब्रश बोलतोय. चित्रकाराचा नव्हे हं, दारं-खिडक्या रंगवायचा. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावरही विश्वास नाही. तुम्ही हे इतकं निवांत का वाचताय, याचाही मला जरा संशयच येतोय.

असा स्वभाव उगाच नाही झाला. हार्डवेअरच्या दुकानात मी खिळ्याला लटकत होतो, तेव्हा दुकानदार मला विकत घ्यायला आलेल्या काकांना छातीठोकपणे म्हणाला, "एक केस गळणार नाही, माझी गॅरंटी!" पहिल्याच दाराला माझे तीन केस चिकटले. काकांनी ते नखाने उपटले आणि दुकानदाराचा उद्धार केला. तेव्हापासून कुणी छातीठोक बोललं की मला वाटतं, पाणी कुठेतरी मुरतंय.

दारं झाली, खिडक्या झाल्या, गच्चीचं गेट झालं. मग काकांनी मला "उद्या धुतो" म्हणून डब्यात ठेवलं. तो उद्या काही आला नाही. कडा कडक झाल्या, मुठीला रंगाचे पापुद्रे धरले. शेवटी डब्यातून निघून न्हाणीघराच्या दारामागे लटकून राहिलो. गरज सरो, वैद्य मरो!

एके दिवशी काकूंनी मला खाली काढलं, रॉकेलमध्ये भिजवून साबणाने चोळचोळून धुतलं, वर कंगवासुद्धा फिरवला. एवढी माया? मी मनात म्हटलं, नक्की संडासाचं दार रंगवायचं असणार.

काकू म्हणजे काकांची बायको. बाटल्यांच्या कारखान्यात उभी हयात गेली त्यांची. पट्ट्यावरून आलेली बाटली उचलायची, उजेडाकडे धरायची, तडा दिसला की बाजूला काढायची. निवृत्त झाल्या तरी नजर तीच. चहाचा कपसुद्धा आधी उजेडात फिरवून बघतात. म्हणजे संशयाच्या बाबतीत आम्ही दोघं एका माळेचे मणी!

त्या मला घेऊन गेल्या चित्रकलेच्या क्लासला. क्लास एका सरांचा. सर वयाने त्यांच्या मुलासारखे. झालं होतं असं, की सरांनी तळ्याचा एक फोटो दिला होता आणि काकूंनी आधीच्या तासाला बारक्या ब्रशने त्यातलं एकूण एक पान काढलं होतं. विजेच्या तारा, दगडावरची भेग, काही म्हणून सोडलं नव्हतं.

"काकू, हे चित्र नाही, पंचनामा झाला," सर म्हणाले होते. "डोळे किलकिले करा. काय दिसतंय?"

"काहीच नाही. नुसते डाग."

"मग ते डागच काढा. चार-पाच मोठे आकार, बास. आणि घरातला सगळ्यात जाडा ब्रश आणा, म्हणजे बारकावे काढायची सोयच नको."

तो जाडा म्हणजे मी. अपमान गिळला.

आता दाराला रंग देताना दार दारच राहतं. इथे सगळाच खोटेपणा! झाडांचा मिळून एक पट्टा. घराला खिडकी नाही, दार नाही. डोंगर जांभळा. मी तर हबकलोच. त्यातून काकूंना काहीतरी गाळायचं म्हणजे जिवावर यायचं. एखादं पान तरी टाकू का, असं व्हायचं. माझ्या कडेने पान निघायचं नाही, आणि त्या चिडून मलाच म्हणायच्या, "ठोंब्या!"

पण हळूहळू हात बसला. मग सरांनी फोटोही काढून घेतला. म्हणाले, "आता मनातला देखावा काढा. तुमचा स्वतःचा. दुसऱ्या कुणाला सुचणार नाही असा."

काकूंनी हिरवा रंग घेतला आणि मला घेऊन गेल्या, कुठे? तर वर. आभाळात! हिरवंगार आभाळ. खाली एक टेकडी, मध्येच कंबरेत वाकल्यासारखी. एक रस्ता, तोही पोट फुगलेला.

"आभाळ हिरवं का, काकू?" सरांनी विचारलं.

"असंच," काकू म्हणाल्या आणि मान खाली घातली.

असंच? तडा शोधणारी बाई असंच काही करेल? मला काही ते पटेना.

चित्र वाळायला क्लासमध्येच राहिलं. क्लासचं वार्षिक प्रदर्शन तोंडावर आलं होतं, म्हणून मीही तिथेच, बरणीत. शेजारी काकूंचा तो बारका ब्रश, शून्य नंबर. सडपातळ, गोडबोल्या. दुपारी सगळे जेवायला गेले, तेव्हा तो कोरडा होता. मी जरा डुलकी काढली, उठून बघतो तर हा ओलाचिंब.

"काय रे, कुठे होतास?"

"कुठे नाही. आंघोळ केली."

"भरदुपारी?"

"तुला काय करायचंय?"

झालं! माझी झोप उडाली. आधी मला काकूंचाच संशय आला. वाटलं, चोरून पानं काढली असतील. सवय जाते थोडीच!

प्रदर्शनाच्या सकाळी उलगडा झाला. काकू आल्या, चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि क्षणात म्हणाल्या, "सर, हे पक्षी कुणाचे?"

आभाळात दोन पक्षी उडत होते. खाली एक इवलीशी होडीही आली होती. मी आजूबाजूला बघितलं. भिंतीवरच्या प्रत्येक चित्रात तेच दोन पक्षी, तीच होडी. एका चित्रात तर होडी चक्क शेतात! म्हणजे कुंपणच शेत खात होतं.

सर ओशाळले. "अहो, दरवर्षी शेवटचा हात मी फिरवतो. रिकामं दिसलं की लोक विचारतात, यात आहे काय? पुढच्या वर्षी क्लासला कोण येणार?"

"तुम्हीच म्हणालात ना, गाळा म्हणून? गाळताना माझा जीव गेला, सर. आणि तुम्ही परत भरलंत?" काकूंनी होडीवर बोट ठेवलं. "या होडीत मी नाही बसलेले. हे चित्र माझं राहिलं नाही."

जिन्यात पाहुण्यांची पावलं वाजू लागली. काकूंनी मला उचललं, हिरव्यात बुडवलं. खरं सांगू, मी घाबरलो होतो. एक पट्टा ओढला, पक्षी गेले. खाली रस्त्याचा रंग भरला, होडी बुडाली. त्या गडबडीत माझा एक केस आभाळात अडकला.

पाहुणे आत आले. त्यांच्याबरोबर इस्त्रीचा शर्ट घालून काकाही आले. चित्र बघून एक गृहस्थ म्हणालेच, "यात आहे काय?" काकूंनी पदर घट्ट मुठीत धरला. सरांनी मान फिरवली.

काका पुढे झाले. चष्मा काढला, डोळे किलकिले केले. बराच वेळ बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "अगं, ही तर तुझ्या कारखान्याच्या खिडकीबाहेरची टेकडी. हिरव्या बाटलीतून दिसतेय."

काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "रोज समोर होती हो. मी मेली तडाच बघत राहिले."

मला एवढी लाज वाटली म्हणून सांगू! खोटं म्हणत होतो मी त्या आभाळाला.

सर जवळ आले. "काकू, चुकलो मी," म्हणाले, आणि त्यांचं लक्ष त्या केसाकडे गेलं. नख पुढे करून म्हणाले, "थांबा, एवढा काढतो."

काकूंनी उजेडाकडे मान तिरकी करून बघितलं, बाटली बघायच्या तशी.

"राहू दे, सर. तो तडा नाही. माझ्या ब्रशचा केस आहे."

चित्र आता त्यांच्या बैठकीत आहे. मी खिडकीतल्या बरणीत असतो, रोज कामावर. केस विरळ झालेत. काल काकू दुकानातून एक पुडी घेऊन आल्यात, लांबट, दोन इंची वाटते. मी काही विचारलेलं नाही. काकूंवर माझा विश्वास आहे, पुडीवर नाही.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर चित्र खुशाल जवळून बघा. फक्त आभाळात उजव्या बाजूला एक केस दिसेल, तो उपटू नका. तुम्ही उपटणार नाही म्हणताय खरं, पण जरा हात मागे बांधूनच उभे राहा.